फडक्याची साक्ष

शस्त्रक्रियेच्या खोलीतली सगळ्यात साधी वस्तू म्हणजे मॉप. जाळीदार सुती कापडाच्या घड्या शिवून केलेलं फडकं. रक्त टिपायचं आणि गरज पडली तर आतडी बाजूला धरून ठेवायची, एवढंच त्याचं काम. कोरडं असताना ते पांढरंशुभ्र असतं. पण एकदा रक्त प्यायलं, की त्याचा रंग, ओल, मऊपणा सगळं आसपासच्या अवयवांसारखं होऊन जातं. पोटाच्या पोकळीत ते इतकं बेमालूम मिसळतं, की डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. शरीराला मात्र परकं कोण ते बरोबर कळतं. कधी ते त्या कापडाभोवती भिंत बांधून वर्षानुवर्षं गप्प राहतं, तर कधी चार दिवसांत ताप, पू आणि असह्य वेदना घेऊन उठतं.

जुलै १९६३ मध्ये असं एक फडकं औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये एका बाळंतिणीच्या पोटात राहिलं. ते सापडायला सहा दिवस लागले. त्याची जबाबदारी कुणाची, हे ठरायला मात्र साडेबत्तीस वर्षं लागली. ठरलं तेव्हा ‘सरकारी दवाखान्यात चूक झाली तर सरकारला कोर्टात खेचता येतं का?’ या प्रश्नाचं उत्तर सगळ्या देशाला मिळालेलं होतं. इतक्या मोठ्या प्रश्नाचा निकाल वीतभर कापडावरून लागावा, याचं मला अजून नवल वाटतं.

हकीकत निकालपत्रात आहे. अच्युतराव हरिभाऊ खोडवा यांच्या पत्नी चंद्रिकाबाई १० जुलै १९६३ रोजी बाळंतपणासाठी दाखल झाल्या. हे रुग्णालय तिथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं होतं. बाळंतपणानंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घ्यायची, हे आधीच ठरलेलं होतं. ती १३ जुलैला झाली. त्यानंतर लगेच जोराचा ताप आला आणि पोटात कळा सुरू झाल्या. इतक्या साध्या शस्त्रक्रियेनंतर असं व्हायला नको होतं. १५ तारखेला नवऱ्याने त्याच रुग्णालयातल्या, पण दुसऱ्या विभागातल्या एका नावाजलेल्या शल्यचिकित्सकांना गाठलं. त्यांनी रुग्ण पाहून पोट पुन्हा उघडावं असं सुचवलं, असं कुटुंबाचं म्हणणं होतं. पण पोट उघडलं गेलं ते १९ तारखेला. आत मॉप होता आणि भोवती पू साचलेला होता. पू काढून पोट बंद केलं. २४ जुलैला चंद्रिकाबाई गेल्या. उदरपोकळीच्या आवरणाला सूज आली होती, डॉक्टरांच्या भाषेत पेरिटोनायटिस.

अच्युतराव आणि मुलांनी १,७५,००० रुपयांच्या भरपाईचा दिवाणी दावा लावला.

आता जरा त्यांच्या वकिलाच्या खुर्चीत बसून पाहू. वैद्यकीय निष्काळजीपणाचे खटले पीडितांच्या बाजूने लढवणाऱ्या माणसाचं काम विलक्षणच म्हणायला हवं. घटना घडली तेव्हा तो तिथे नव्हता आणि त्याचा पक्षकार दाराबाहेर बाकावर बसलेला होता. जिच्या शरीरात सगळं घडलं ती भुलीखाली होती, आणि आता तर या जगातच नाही. आत हजर असलेली सगळी माणसं समोरच्या बाजूची. पुरावा म्हणून जे कागद आहेत, तेही त्यांनीच लिहिलेले. एवढ्या भांडवलावर त्याने न्यायाधीशांसमोर एका बंद पोटात काय घडलं ते उभं करायचं. शिवाय त्या न्यायाधीशांनीही वैद्यकशास्त्र शिकलेलं नसतं.

सुरुवात होते केसपेपरपासून. मराठवाड्यात औरंगाबादच्या घाटी या सरकारी दवाखान्यात जाऊन आलेल्या प्रत्येक घरात हा शब्द माहीत असतो. जालना, बीड, परभणीकडून येणारे नातेवाईक पिशवीत जपून ठेवतात तोच. पण वकिलाला नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. त्याला ऑपरेशनची टिपणं हवी असतात, भुलीचा तक्ता हवा असतो, संमतीपत्र हवं असतं. सगळ्यात आधी मात्र तो नर्सच्या नोंदी मागतो. सर्जन आपलं टिपण काम उरकल्यावर एकदाच लिहितो. नर्स दर काही तासांनी ताप, नाडी, रक्तदाब लिहीत जाते. पुढे कोर्टात काय होणार हे त्या वेळी तिला माहीत नसतं. म्हणूनच तो तापाचा आलेख, कुणाचीही बाजू न घेणारा, खटल्यातला बहुधा सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार ठरतो. रात्री दोनला ताप चढला आणि डॉक्टर सकाळी दहाला आले, तर मधले आठ तास कुणी काही न बोलताच बोलू लागतात. अनुभवी वकील काय लिहिलंय ते वाचतो, आणि काय लिहायला हवं होतं पण लिहिलेलं नाही, त्याचीही दुसरी यादी करतो.

हे कागद मिळवणं हीच एके काळी अर्धी लढाई होती. रुग्णाचे कागद ही रुग्णालयाची खासगी मालमत्ता आहे, अशी कित्येकांची समजूत असे. १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रुग्णाचा त्यावर हक्क आहे असं सांगितलं, आणि २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनी मुदतच घालून दिली. दाखल झालेल्या रुग्णाचे कागद तीन वर्षं जपायचे आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर काही तरी चुकलं असं वाटत असेल, तर पहिला अर्ज हाच.

कागद हातात आले, तरी खरी अडचण पुढे असते. निष्काळजीपणा म्हणजे नेमकं काय? उपचार करूनही माणूस दगावतो. डॉक्टरचा अंदाज चुकतो. दोन तज्ज्ञ दोन वेगळे मार्ग सांगतात. यातला कुठला दोष आणि कुठलं नशीब?

कायद्याने इथे धरलेली एक वाट आपल्या कोकणातून निघते. मे १९५३. गुहागरजवळच्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका मुलाची मांडी मोडली. लाकडी पट्ट्या बांधून त्याला टॅक्सीने पुण्याला नेलं. सुमारे दोनशे मैल अंतर, अकरा तासांचा प्रवास. पुण्यात भूल न देता, जोर लावून पाय ओढून हाड बसवण्यात आलं, असं पुढे कोर्टात सिद्ध झालं. त्याच रात्री मुलगा गेला. वादी होते त्याचे वडील, गोडबोले, आणि ते स्वतः डॉक्टर होते! या गोडबोले खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये डॉक्टरची जबाबदारी सोप्या शब्दांत मांडली. हा रुग्ण आपण घ्यावा का, कोणता उपचार करावा आणि तो कसा करावा, या तिन्ही टप्प्यांवर त्याने वाजवी काळजी घेतली पाहिजे. सर्वोत्तम कौशल्याची अपेक्षा नाही आणि अगदी किमानावरही भागत नाही, त्या परिस्थितीत जेवढं रास्त तेवढं हवं. भरपाई मिळाली तीन हजार रुपये. पण देशभरातल्या निकालपत्रांत हा पुण्याचा खटला आजही पहिल्या काही पानांतच भेटतो.

‘रास्त’ कशाला म्हणायचं ते साधारणपणे दुसरे डॉक्टरच सांगणार. इंग्लंडमधल्या १९५७ च्या बोलम खटल्यापासून ही कसोटी चालत आली आहे. त्या शाखेतल्या जबाबदार डॉक्टरांचा एखादा गट ‘आम्हीही असंच केलं असतं’ म्हणाला, तर तो निष्काळजीपणा नव्हे. मग पीडिताच्या वकिलाला तज्ज्ञ साक्षीदार शोधत फिरावं लागतं. गावातला डॉक्टर गावातल्या डॉक्टरविरुद्ध पिंजऱ्यात उभा राहत नाही. त्याला दोष तरी कसा द्यावा, उद्या त्याला त्याच माणसाकडे रुग्ण पाठवायचा असतो. म्हणून वकील दुसऱ्या शहरात, कधी दुसऱ्या राज्यात तज्ज्ञ शोधतो. तोही नाही मिळाला, तर स्वतः पाठ्यपुस्तकं घेऊन बसतो आणि समोरच्या डॉक्टरची उलटतपासणी त्याच्याच अभ्यासक्रमातल्या पुस्तकावरून करतो. काळ्या कोटातल्या माणसाला पित्ताशयाच्या नळीचे फाटे तोंडपाठ असलेले पाहणं हा कोर्टातला एक अद्भुत प्रकार आहे.

आणि इथेच ते फडकं कामाला येतं.

नोव्हेंबर १८६३ मध्ये, म्हणजे चंद्रिकाबाईंच्या सुमारे शंभर वर्षं आधी, इंग्लंडच्या न्यायालयात लिव्हरपूलचा एक खटला उभा राहिला. रस्त्याने चाललेल्या माणसावर गोदामाच्या वरच्या मजल्यावरून पिठाचं पिंप पडलं. ते कुणाच्या हातून सुटलं हे त्याला सांगता येईना. न्यायमूर्ती पोलॉक यांनी विचारलं तो प्रश्न साधा होता: पिंपं काय आपणहून गोदामातून बाहेर पडतात? नीट काळजी घेतली असती तर जे घडूच शकत नाही, ते घडलं असेल, तर घडलेली गोष्टच पुरावा. आता ‘आमची चूक नव्हती’ हे दाखवण्याचा भार दुसऱ्या बाजूवर. याला लॅटिनमध्ये ‘रेस इप्सा लोक्विटर’ म्हणतात, म्हणजे वस्तुस्थितीच बोलते. पोटात राहिलेलं फडकं हे त्या पिंपाचं वैद्यकातलं भावंड. त्यासाठी तज्ज्ञ लागत नाही; मॉप आत ठेवून पोट शिवावं असं म्हणणारा डॉक्टरांचा कोणताही गट जगात नाही.

पण नुसता दोष दाखवून भागत नाही. त्या दोषामुळेच हानी झाली, हेही दाखवावं लागतं. पीडितांच्या बाजूचे किती तरी खटले इथेच कोसळतात. समोरचा वकील म्हणतो, चूक झाली असेल, पण रुग्ण तसाही वाचणार नव्हता. खोडवा खटल्यात तर आणखी पेच होता. जंतुसंसर्ग दुसऱ्या शस्त्रक्रियेमुळे झाला असावा, असं मत तज्ज्ञ साक्षीत पुढे आलं होतं. म्हणजे ज्याने फडकं शोधून काढलं, त्याच्याकडेच बोट! सर्वोच्च न्यायालयाने हा पेच फार देखण्या रीतीने सोडवला. घटकाभर धरून चालू की संसर्ग दुसऱ्या शस्त्रक्रियेतून झाला. पण दुसऱ्यांदा पोट उघडायची वेळ कशामुळे आली? आत मॉप राहिला म्हणून. तो राहिला नसता तर दुसरी शस्त्रक्रियाच झाली नसती. साखळीची कुठलीही कडी धरून मागे ओढा, हातात फडकंच येतं.

खालच्या न्यायालयाने कुटुंबाला ३६,००० रुपये मंजूर केले होते. मुंबई उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. त्यातलं एक कारण पाहिलं की आपण एकदम शंभर वर्षं मागे जातो. सरकारी रुग्णालय चालवणं हे सार्वभौम सत्तेचं काम आहे, म्हणून नोकरांच्या चुकीबद्दल सरकारला भरपाई मागता येत नाही, असं उच्च न्यायालय म्हणालं. हा विचार कंपनी सरकारच्या काळाचा वारसा. १८६१ च्या कलकत्त्यातल्या एका घोडागाडीच्या अपघाताच्या खटल्यात सरकारची कामं दोन प्रकारांत वाटली गेली, कुणीही करू शकेल अशी आणि फक्त राज्यकर्त्यानेच करायची अशी. पुढे स्वतंत्र भारतात मेरठच्या पोलिसांनी एका व्यापाऱ्याचं सोनं जप्त केलं, आणि ज्याच्या ताब्यात ते होतं तो हेड कॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात पळाला. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, जप्ती हे सार्वभौम काम, सबब सरकार जबाबदार नाही. त्या सोन्यापोटी व्यापाऱ्याच्या हाती काहीच आलं नाही.

तर प्रश्न असा उरला: बाळंतिणीचं पोट शिवणं हे सैन्य पाठवण्यासारखं काम आहे का? २० फेब्रुवारी १९९६ रोजी न्यायमूर्ती बी. एन. किरपाल यांनी लिहिलेल्या निकालाने सांगितलं, नाही. रुग्णालय चालवणं हे कल्याणकारी काम आहे. खासगी माणसंही ते चालवतात, त्यात राजसत्तेचं असं खास काही नाही. फडकं नेमकं कोणत्या डॉक्टरच्या हातून राहिलं हे शोधण्याचीही गरज नाही. कुणाच्याही हातून राहिलेलं असो, ते सगळे सरकारचे नोकर, तेव्हा सरकार जबाबदार. खालच्या न्यायालयाचे ३६,००० रुपये कायम झाले.

या रकमेने माझं मन आजही थोडं खट्टू होतं. साठीच्या दशकातले छत्तीस हजार आणि १९९६ मधले छत्तीस हजार यांत जमीन-अस्मानाचा फरक, आणि त्या फरकाची झळ कुणी सोसली हे सांगायला नको. पण सरकारी दवाखान्याशिवाय ज्यांना गत्यंतर नाही, अशा कोट्यवधी लोकांसाठी त्या दिवशी एक दार उघडलं.

गंमत अशी, की हेच निकालपत्र आज डॉक्टरांचे वकीलही तितक्याच उत्साहाने वाचून दाखवतात. कारण त्यात आधी असंही म्हटलं आहे, की प्रत्येक डॉक्टरचं कौशल्य सारखं नसतं, एकाच आजाराला एकाहून अधिक उपचार असू शकतात, आणि डॉक्टरने आपल्या परीने नीट काम केलं असेल तर न्यायालयाने त्याला सहजासहजी दोषी धरू नये. जिल्हा न्यायालयात एकाच तारखेला दोन्ही बाजूंच्या फायलींत खोडवा असू शकतो, फक्त खुणेचा कागद वेगळ्या परिच्छेदावर लावलेला. मला हे योग्यच वाटतं. पीडितांचा चांगला वकील डॉक्टरांचा वैरी नसतो. त्याच्याकडे येणाऱ्या अनेकांना त्याला सांगावं लागतं, की तुमचं दुःख खरं आहे, पण यात कुणाचा दोष दिसत नाही. आणि येणारी माणसंही पहिल्या भेटीत बहुधा पैशांचं बोलत नाहीत. ‘वकीलसाहेब, नेमकं काय झालं तेवढं आम्हाला कळू द्या,’ म्हणतात. दवाखान्यात कुणी दहा मिनिटं बसवून ते सांगितलं असतं, तर निम्मी वकीलपत्रं लिहिलीच गेली नसती, असा माझा आपला अंदाज.

आता पुन्हा त्या मॉपकडे. अमेरिकेत २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेत शरीरात वस्तू विसरली गेली अशा ५४ रुग्णांची प्रकरणं त्यात तपासली होती. ही माहिती रुग्णालयांच्या नव्हे, तर विमा कंपनीकडे साठलेल्या भरपाईच्या दाव्यांच्या फायलींतून आली होती. म्हणजे वकिलांनी भांडून जमवलेले कागदच विज्ञानाचा कच्चा माल झाले! निष्कर्ष चक्रावणारे होते. तातडीच्या शस्त्रक्रियेत धोका सुमारे नऊपट वाढत होता. आणि जिथे फडकी मोजल्याची नोंद होती, तिथल्या बहुतेक प्रकरणांत हिशेब ‘बरोबर’ लिहिलेला होता. माणसं मोजत होती, आणि तरीही चुकत होती. या अभ्यासाचे प्रमुख होते सर्जन अतुल गावंडे, ज्यांच्या वडिलांचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं उटी. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी तपासणी-यादी आणली, त्या कामाचं नेतृत्व त्यांनीच केलं. रुग्ण खोलीबाहेर जाण्याआधी नर्सने मॉप, सुया आणि हत्यारांची मोजणी पूर्ण झाल्याचं मोठ्याने सांगायचं, हे त्या यादीत आहे. शिवाय आताच्या मॉपमध्ये एक्स-रेत दिसणारा धागा विणलेला असतो. शंका आली, तर पोट न उघडताही फडकं सापडतं.

वकिलाच्या वाटाही बदलल्या. १९६३ मध्ये भरपाईसाठी दिवाणी दावा आणि त्याचं कोर्ट-शुल्क, एवढीच वाट होती. १९८१ पर्यंत तर उच्च न्यायालयासाठी मराठवाड्याला मुंबई गाठावी लागे; त्या वर्षी २७ ऑगस्टला औरंगाबादेतच खंडपीठ सुरू झालं. नोव्हेंबर १९९५ मध्ये, खोडवा निकालाच्या तीनच महिने आधी, पैसे घेऊन केलेले उपचार ही ग्राहक कायद्याखालची ‘सेवा’ आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. सगळ्यांनाच मोफत उपचार देणारी रुग्णालयं त्यातून वगळली. तिथे खोडवाची दिवाणी वाट उरते. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. प्रत्येक तक्रारीत तज्ज्ञ हवाच असंही नाही, हे २०१० मध्ये हैदराबादच्या एका प्रकरणात स्पष्ट झालं. तिथे बाईंना मलेरिया असताना उपचार टायफॉइडचे चालले होते, आणि तक्रार करणारा नवरा होता मलेरिया खात्यातला अधिकारी! फौजदारी वाट मात्र मुद्दाम अरुंद ठेवली आहे. ढोबळ, घोर निष्काळजीपणा असेल तरच, आणि तोही आधी स्वतंत्र डॉक्टरचं मत घेऊन, असं २००५ पासून आहे. नव्या न्याय संहितेत नोंदणीकृत डॉक्टरला यासाठी जास्तीत जास्त दोन वर्षं शिक्षा आहे, इतरांना पाच.

या कथेतलं सगळ्यात खट्याळ वळण मे २०२४ चं. वकिलाने काम नीट केलं नाही तर पक्षकार त्याला ग्राहक आयोगात खेचू शकतो का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. उत्तर मिळालं, नाही. वकिली हा वेगळाच पेशा आहे. त्याच निकालात, मग डॉक्टरांबाबतच्या १९९५ च्या निर्णयाचाही फेरविचार व्हावा, असं सुचवलं गेलं. डॉक्टरांच्या आशा पालवल्या. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात मोठ्या पीठाने तशी गरज नाही म्हणत विषय मिटवला. त्यामुळे आज स्थिती अशी आहे, की डॉक्टरला ग्राहक आयोगासमोर उभा करणाऱ्या वकिलाने तारीख चुकवली, कागद हरवले किंवा मुदत उलटू दिली, तरी त्याला त्या आयोगासमोर उभं करता येत नाही. डॉक्टर मंडळी हे मोठ्या चवीने सांगतात, आणि मला तरी त्यांना उत्तर देता येत नाही.